भूमीच्या वर्गाचा कागद

चिचगड
१० जुलै २००५

चार पानं पाठवली आणि चारही पानांत पोराइले नुसता दम भरला. उशिरा आले तर वर्गात घेणार नाही. वही नसली तर घेणार नाही. हजेरी कमी पडली तर परीक्षेले बसू देणार नाही. जंगलखात्याच्या नाक्यावर पाटी ठोकली असते नं, लाकूड नेऊ नये, ढोरं चारू नये, आग लावू नये, मले तसंच वाटलं. शिकवणार काय आहे ते तिसऱ्या पानाच्या खाली, तेही बारीक अक्षरात. चष्मा पुसून पुसून डोळे दुखले.

भूमे, आशीर्वाद. मी बरी आहे. तू म्हटलं की आजी, देवरीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायले लागली, पहिल्या दिवशी पोराइच्या हाती द्यायचा कागद केला आहे, वाच आणि सांग. म्हणून सांगून राहिली. मी तिसरी शिकली, पण कोणी दारातून हाकलून राहिलं की बोलावून राहिलं एवढं मले समजते. तुझा कागद हाकलते.

पहिली चाचणी तू ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कायले ठेवली? तेव्हा आपल्या इकडचे सारे पोट्टे धानाच्या रोवणीत असतात. तू बारावीत असताना रोवणीच्या वेळेस ताप आला म्हणून माझ्या हातची चिठ्ठी नेली होती. ताप कसला, बांधीत गुडघाभर चिखलात उभी राहून गाणे म्हणत होती. आता मास्तरीण झाली तर धान आपोआप लागते का?

कागद आणला बिसराम टेंभरेच्या रिंकीनं. शेजारचीच पोरगी, तुझ्याच वर्गात आहे, ते तुले माहीत आहे. माझ्या आधी तिच्या बापानं वाचला. त्याले फार आवडला. म्हणे, काकी, कॉलेज कडक आहे, पोरगी बिघडायची नाही. बिसरामले आवडला तेव्हाच मी समजली की कागदात गडबड आहे.

फोन करू नोको. श्यामलालच्या दुकानात फोनवर बोललं की अख्खा बाजार ऐकते. हे पत्र भाताच्या शितानं चिकटवलं आहे, रिंकी आणून देईल. उघडलेलं दिसलं तर मले सांगजो.

तुलसा

*

देवरी
२४ ऑगस्ट २००५

आजी, नमस्कार.

पत्र चिकटलेलंच मिळालं. रिंकीनं दप्तरातून काढून दोन्ही हातांनी दिलं. उत्तराला उशीर झाला, कारण मध्ये नागपूरला नव्या प्राध्यापकांचं शिबिर होतं. तिथे एका बाईंनी आमचे सगळ्यांचे कागद फळ्यावर लावले आणि विचारलं, हा वाचून मुलाला वर्गात यावंसं वाटेल का. तू जुलैतच जे म्हणालीस तेच त्या म्हणाल्या, फक्त त्यांनी जंगलखात्याचं नाव घेतलं नाही.

कागद नव्यानं लिहिला. चारचं एकच पान केलं. विषय विद्यापीठानं ठरवलेले आहेत, त्यांना मी हात लावू शकत नाही. पण ते कसे शिकवायचे हे माझ्या हातात आहे. आता सुरुवातच प्रश्नांनी होते. धान निघालं की भाव का पडतो, आपल्याकडचा तांदूळ बाहेर जाऊन महाग का होतो, बाजारात नवा व्यापारी आला की जुना का चिडतो. वर्षाच्या शेवटी याची उत्तरं तुम्ही स्वतः द्याल, असं लिहिलं आहे. चार-चार जणांचे गट केले. एक दिवस गोंदियाला राईस मिल बघायला जायचं. चाचणी पोळ्यानंतर ढकलली. वर्गात चुकलात तर मार्क कापणार नाही, हेही लिहिलं. प्राचार्यांनी कागद दोनदा वाचला, "जमेल का?" म्हणाले आणि सही केली.

आणि प्रत्येकानं दर सत्रात एकदा वर्गासमोर दहा मिनिटं बोलायचं, आपल्या घरच्या एखाद्या कामाबद्दल. हे मला सगळ्यांत आवडतं. रिंकी शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसते, तोंडातून अक्षर काढत नाही. पण तिची आई बाजारात कोणत्या व्यापाऱ्याला धान द्यायचं ते कसं ठरवते, यावर तिनं एक पान लिहून दिलं. वर्गात त्याच्या तोडीचं कोणाचंच नाही. म्हणून बोलणाऱ्यांत तिचं नाव मी पहिल्या आठवड्यातच घातलं आहे. तू तिला आधी सांगू नकोस. मी सांगेन.

गुडघे कसे आहेत? तेल लावून घेत जा.

तुझी भूमी

*

चिचगड
१६ सप्टेंबर २००५

तुझ्या नव्या कागदानं रिंकीचं कॉलेज बंद झालं. आता बस तिकडं शिबिरात.

भूमे, आशीर्वाद. हे पत्र टपालानं येईल, कारण आणणारी घरी बसली आहे. पोळा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेला, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात बिसरामनं पोरीले सांगितलं की उद्यापासून जायचं नाही. मी विचारायले गेली. तर तुझा कागद त्याच्या खिशात घडी करून ठेवलेला. त्यानं मले एकेक ओळ बोट ठेवून दाखवली. हे पाय काकी, गोंदियाले न्यायचं लिहिलं आहे. हे पाय, पोट्टे-पोट्टी मिळून चार-चार. हे पाय, चुकलं तरी चालते. म्हणे, पहिला कागद पाहून मी पोरगी पाठवली होती, हा तर मंडईचा कागद झाला. नाटकाचं तिकीट तेवढं लावायचं राहिलं.

त्याले वाटलं मी हसीन. मी हसली नाही, कारण मंडईचीच तर गोष्ट आहे. भाऊबीज झाली की आपल्या गावची मंडई भरेल, नाटक लागेल, साऱ्या गावाचे पाहुणे येतील. आमगावकडचे कोणी टेंभरेच्या नात्यातले आहेत, त्यांनी रिंकीच्या मायले, नंदाबाईले, निरोप धाडला आहे की मंडईले येऊ तेव्हा पोरगी पाहून घेऊ. पोरगी कॉलेजात असती तर बिसराम म्हणाला असता की अजून शिकून राहिली आहे, पुढच्या वर्षी पाहू. त्याच्याच तोंडचं आहे हे. आता घरी बसली आहे तर काय म्हणेल तो? चहा नेऊन दे म्हणेल.

पोरगी अठराची. वाईट स्थळ आहे असं मी म्हणत नाही. पण पहिल्याच वर्षात दप्तर खुंटीले टांगायचं होतं तर पाठवली कायले?

तूच लिहिलं, तूच निस्तर. आणि चुकलं तर मार्क कापणार नाही, हे मलेही पटलं नाही. मंग मार्क द्यायचे कायचे?

तुलसा

*

देवरी
२२ सप्टेंबर २००५

आजी, नमस्कार.

तूच लिहिलं म्हणजे काय? "तुझा कागद हाकलते" हे कोणी लिहिलं होतं? माझ्याकडे पत्र आहे. नियम होते तेव्हा बिसरामकाका खूष होते आणि रिंकी वर्गात होती. नियम काढले, तू खूष झालीस, आणि रिंकी घरी बसली. मी शिकवते कोणाला आणि लिहिते कोणासाठी, तेच मला कळेनासं झालं आहे.

रागावून झालं. आता कामाचं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच परीक्षेचे अर्ज भरायचे आहेत. हजेरी कमी असली तर त्या अर्जावर माझी सही चालत नाही. तो नियम माझा नाही, विद्यापीठाचा आहे, आणि माझ्या कागदावरून पुसला म्हणून तो जात नाही. रिंकी दिवाळीच्या आधी परत आली तर मी मेळ बसवू शकते. नंतर नाही.

माझी चूक मला दिसली. कागद मी मुलांना लिहिला. पण आपल्याकडे पोरीला बसमध्ये बसवायचं की नाही हे पोरगी ठरवत नाही, घरचे ठरवतात. आणि तो कागद घरी जातोच. नागपूरच्या शिबिरात घरच्यांचा विषयच निघाला नाही. म्हणून आता त्याच पानाच्या मागच्या बाजूला घरच्यांसाठी लिहिलं आहे. वर्ग कधी सुटतो, चिचगडची बस कधी निघते, गटात मुली मुलींबरोबरच आहेत, गोंदियाला कोण कोण शिक्षक बरोबर येणार, आणि गावातलं एक वडीलधारं माणूस यायचं म्हणालं तर त्याचीही जागा ठेवली आहे. प्रत सोबत पाठवते. तू ती बिसरामकाकांना दे. माझ्यापेक्षा तुझं ऐकतील.

रिंकीचं मला खरंच वाईट वाटतं. शेवटची आली ती तिच्या दहा मिनिटांच्या दिवशी. चांगली बोलली. सगळ्यांना मजा आली. आणि दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही.

तुझी भूमी

*

चिचगड
८ ऑक्टोबर २००५

मी सारी लढाई जिंकली आणि हाती काही आलं नाही, याचा राग कोणावर काढू ते आधी सांग.

भूमे, आशीर्वाद. तुझं ते मागचं पान घेऊन मी बिसरामच्या ओसरीत जाऊन बसली. त्यानं वाचलं. मंग म्हणे, लिहायले काय जाते, गोंदियाले नेलं आणि पोरगी हरवली तर मॅडम आणून देणार आहे का? मी म्हटलं, बिसराम, मागच्या मंडईले तूच नाटक पाहता पाहता झोपला, तुले पहाटे कोणी हुडकून आणलं? नंदाबाई आतून हसली. ते त्याले लागलं. मंग म्हणे, गावातलं वडीलधारं माणूस लिहिलं आहे, पण जाईल कोण? मी म्हटलं, मी जाईन. म्हणे, काकी, तुमचे गुडघे. मी म्हटलं, बस मी चालवणार नाही, बसमध्ये बसणार आहे. गोंदियात मले राईस मिल पाहायची आहे, साठ वर्षं धान लावलं, ते आत जाऊन काय होते ते कधी पाहिलं नाही. मंग सोमवारपासून जाऊ दे म्हणे.

सोमवारी सकाळी मी तुले हेच लिहून टपालात टाकायले बसस्टँडवर गेली होती. म्हटलं, रिंकी बसमध्ये चढताना पाहून घ्यावी, म्हणजे पत्रात खरं लिहिलं असं होईल. बस आली. पोट्टे चढले. बस गेली. मी टपालपेटीकडं वळली तर पानठेल्याच्या मागच्या चबुतऱ्यावर ही बसली होती. अंगावर इस्त्रीचा ड्रेस, मांडीवर दप्तर.

मी म्हटलं, "बस गेली नं वो?"

"गेली."

"मंग तू?"

पायाच्या अंगठ्यानं माती कोरत राहिली. मी पण तिच्या बाजूले बसली. मले घाई नव्हती. मंग म्हणे, "आजी, बाबाइले तो कागद मीच वाचून दाखवला होता. गोंदियाचं पहिल्यांदा वाचलं. माहीत होतं की ते नाही म्हणतील."

मी विचारलं, कायले असं केलं? तर सांगून राहिली. तुझ्या वर्गात तिले फळ्याजवळ उभं केलं. तिनं घरी बोलते तसं बोलायले सुरुवात केली, तिची माय व्यापाऱ्याले काय सुनावते ते. देवरीचे बाजारातले पोट्टे हिंदी बोलणारे, ते हसले. ते हसले त्याचं तिले काही नाही म्हणे, ते असेच आहेत. मंग खाली पाहून म्हणे,

"मॅडमपण हसल्या. त्या आपल्याच गावच्या आहेत."

मी बापाशी भांडली, तू मागचं पान लिहिलं, आणि पोरीले बापानं अडवलंच नव्हतं. तिनं त्याले पुढं केलं होतं. एवढी हुशारी अर्थशास्त्रात नसली तरी चालते.

तू लिहिलं होतं, सगळ्यांना मजा आली. कोणाकोणाले आली ते आता लिहून धाड.

बिसरामले मी हे सांगितलं नाही. त्याच्या हिशेबानं पोरगी बसनं गेली आहे. संध्याकाळच्या बसपर्यंत ती माझ्या घरी तांदूळ निवडत बसते. असं किती दिवस चालेल?

तुलसा

*

देवरी
१३ ऑक्टोबर २००५

आजी,

पत्र वाचून मी तास घेतला नाही. मुलांना वाचायला सांगून बाहेर व्हरांड्यात उभी राहिले.

मी हसले, हे खरं आहे. पण तिला नाही हसले. तिनं कमरेवर हात ठेवला आणि तिची आई धान मोजणाऱ्या व्यापाऱ्याला सुनावते तसं म्हणाली, "तुमचा काटा बरोबर असल तर तुमच्या पोराले बसवून दाखवा." आजी, ते अगदी तुझं होतं. तो आवाज, तो हात. इतक्या दिवसांनी वर्गात कोणीतरी आपल्या घरचं बोललं म्हणून मला हसू आलं. मी हसले आणि पोरांना वाटलं हसायला परवानगी मिळाली. मग सगळा वर्गच हसला. मी थांबवलं नाही, कारण मला वाटलं, सगळे माझ्यासारखेच हसत आहेत. मी तिला शाबासकीही दिली. ती तिला त्या आवाजात ऐकू आली नसेल.

आता काय करू ते सांग. दिवाळीनंतर तिची पाळी पुन्हा येईल, तर दहा मिनिटांची अटच काढून टाकू का? मग ज्यांना बोलायचं नाही त्यांनी लिहून द्यावं. पण मला काढावीशी वाटत नाही. आज ती वर्गात बोलली नाही तर मंडईला पाहुण्यांसमोर कशी बोलेल? पण मी अट ठेवली आणि ती आलीच नाही, तर ती ठेवून तरी काय उपयोग? कागद तिसऱ्यांदा लिहायला घेतला आहे आणि या एका ओळीशी अडले आहे.

तू तिला समजाव. मी तिला हसले नव्हते एवढं सांग. तुझ्यावर तिचा विश्वास आहे. आणि अट ठेवू की काढू, ते मला लवकर कळव. दिवाळीला थोडेच दिवस राहिले.

तुझी भूमी

*

चिचगड
१९ ऑक्टोबर २००५

माझ्या वयाच्या बाईले निरोप्या करायची तुले लाज कशी वाटत नाही? बिसरामचं मी तुले कळवायचं, तुझं मी बिसरामले नेऊन दाखवायचं, आता तू हसली ते कायले हसली हेही मीच पोरीले समजवायचं. हसली तू. तोंड तुझं. मी काय समजवू?

आणि अट ठेवू की काढू हे मले कायले विचारते? पहिल्या बारीले मी सांगितलं ते ऐकून बिसरामले चिडवलं. दुसऱ्या बारीले बिसरामकडं पाहून मागचं पान लिहिलं. तिसऱ्या बारीले पुन्हा मलेच विचारून राहिली. वर्गात बसते कोण? मी बसते का बिसराम बसते?

भूमे, आशीर्वाद लिहायचा राहिला, तो घे.

तुझं पत्र आलं तेव्हा रिंकी माझ्याच ओसरीत सूप घेऊन बसली होती. तुझं पत्र मी तिले वाचून दाखवलं नाही. फक्त तुझा कागद तिच्या समोर ठेवला, जो पोराइले दिला तो, आणि म्हटलं, हा ज्याच्यासाठी लिहिला त्यानं अजून तोंड उघडलं नाही. यातलं काय राहू द्यायचं आणि काय काढायचं ते मॅडमले लिही. तुझ्या वर्गाची गोष्ट आहे, माझ्या नाही. तिनं विचारलं, "आजी, रागावल्या तर?" मी म्हटलं, रागावली तर रागावू दे, तिले माझ्या घरी जेवायले यायचं असते.

रविवारी कॉलेजले सुट्टी, तेव्हा माझ्या ओसरीत दुपारभर लिहीत होती. एक पान फाडलं, चुलीत टाकलं. मंग विचारलं की मॅडमले तुम्ही लिहू का ताई लिहू. मी म्हटलं, ते तुझं तू पाय. मधात बिसराम आला, डोकावून म्हणे काय लिहून राहिली? मी म्हटलं, अभ्यास. म्हणे, दाखव. मी म्हटलं, तू जा, माझी गाय सुटली आहे, बांधून दे. गाय सुटली नव्हती. तो जाऊन पाहून आला, पण पुन्हा विचारलं नाही.

ते पान या पाकिटात आहे. मी वाचलं नाही. भाताच्या शितानं तिनंच चिकटवलं, माझ्यापेक्षा चांगलं. दहा मिनिटं राहू द्या म्हणते की काढा म्हणते, तू हसली ते तिनं मनात धरलं की सोडलं, मले माहीत नाही. एवढंच समजलं की पाकीट देताना तिचा हात थांबला नाही.

सोमवारपासून वर्गात येईल का, असं मी विचारलं. म्हणे, आधी उत्तर येऊ द्या.

आता ऐक. मंडई भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात आहे. आमगावचे पाहुणे येणार म्हणजे येणारच, ते कोणाच्या बापानं थांबत नाहीत. पण बिसराम त्याइले काय सांगते ते त्याच्या आधी ठरलं पाहिजे, आणि ते तुझ्या उत्तरावर आहे.

तर उत्तर मले देऊ नोको. मले लिहायचं असल तर दिवाळी झाल्यावर लिही. उत्तर रिंकीले दे. हसली ते कायले हसली तेही तिलेच लिही, आणि वर्गाच्या कागदाचं जे ठरवशील तेही तिलेच. माझ्या हाती पाठवायचं नाही, कोण्या पोट्ट्याच्या दप्तरातून पाठवायचं नाही, टपालानं पाठव. पाकिटावर कुमारी रिंकी बिसराम टेंभरे असं तिचं नाव लिही. बिसरामच्या मार्फत लिहू नोको, आणि माझं नाव तर कुठंच नोको. पोस्टमन ईश्वरदास संध्याकाळी ओसरीत उभा राहून तिचं नाव वाचल, आणि ती हात पुसून घ्यायले बाहेर येईल, तेव्हा बिसराम तिथं खाटेवर बसलेला असल. पत्र कोणाचं आहे ते त्यानं तिले विचारावं, आणि तिनं सांगावं. तुझ्याकडून त्याले एक ओळही जायले नको.

तुलसा